फळ्यापुढची रेघ

कोळदरा, ता. जि. बीड
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय राजी,

सप्रेम नमस्कार. खुशाली नंतर, बातमी आधी. आपल्या गावात स्वतःची तार येणार हाय. इंटरनेटची. कंपनीची न्हाई, गावाची. वाचून हसली असशील तर हसून घे, मी थांबते.

झालं असं, की कंपनीचा माणूस आलता. मोठी तार हायवेच्या कडंनं गेलेली हाय, मांजरसुंब्याकडनं आपल्या फाट्यावर वळवायला कितीसा वेळ लागतो? पर त्यानं गावातनं एक चक्कर मारली, घरं बघितली अन् म्हणला, एवढ्याशा वस्तीसाठी आमाला परवडत न्हाई. हे बद्रीनाथ काकाच्या समोर म्हणला. माझ्या काकाला राग आला की गावात काहीतरी उभं राहतंच, हे तुला ठाव हाय. डेअरी अशीच उभी राहिलती. काका म्हणले, दूध आपलं, डेअरी आपली, मग तार कावून लोकाची? घरटी एक सभासद करू, संस्था काढू, फाट्यावर मोठ्या तारेची जोडणी विकत घेऊ, फाट्यापून गावापर्यंत चर आपण खोदू अन् दर आपल्या सभेत ठरवू.

आता तू म्हणशील, वनीला ऐकू येत न्हाई, तिला तारेचं काय एवढं कौतुक. मलाच तर हाय. बाकीच्यांचं फोनवर बोलून भागतं, माझं भागत न्हाई. मला तोंड दिसाया पाहिजे. गेल्या सालच्या दिवाळीत मी पाण्याच्या टाकीवर चढून तुला बघत होते, आठवतं का? रेंज तिथंच येती, न्हाईतर पार फाट्यावर. तुझं तोंड उघडं राहून जे अडकलं ते अडकलंच. मला वाटलं तू रडतीस. मी घरी येऊन दिवसभर जेवले न्हाई. मग तुझं पत्र आलं, की तू शिंकत होतीस.

ही तार आली की चित्र अडकत न्हाई म्हणतात. म्हंजे तुझे ओठ मला वाचता येतील, शाळेतल्यावाणी. गुरुजी हजेरी घ्यायचे, मला काही कळायचं न्हाई, अन् तू आवाज न करता नुसते ओठ हलवायचीस, "वने, तुझं नाव घेतलं." मग मी उभी राहून मोठ्यानं "हजर" म्हणायची. गुरुजींना वर्षभर वाटलं, माझे कान बरे झाले.

शिवणकाम बरं चाललंय. हनुमान दादा अन् वहिनी मजेत. तुझ्या आईला, पारूमावशीला, परवा ब्लाऊज नेऊन दिला, बाही घट्ट झाली म्हणून माझ्यावर रागावली.

तुझी,
वनी

—

नागपूर
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय वनीस,

सप्रेम जयभीम.

तुझी भाषा काही सुधारत नाही. नागपूरला येऊन मी सगळं शुद्ध बोलायला शिकले आणि तुझं पत्र वाचलं की पुन्हा "लई" आणि "हाय" सुरू होतं. वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर हसतात. पण तुझं खरं आहे, नऊ वर्षांची असताना तापात तुझे कान गेले, तोवर जे ऐकलं तेच तुझ्यापाशी राहिलं. त्या वेळचं गाव मला तुझ्या पत्रातच ऐकायला मिळतं. म्हणून सुधारू नकोस.

तारेचं म्हणशील तर मी हसले नाही. पण विश्वासही बसला नाही. आपल्या गावात लग्नाचा मंडप कुठे घालायचा यावर भांडणं होतात, तिथे तार कुठून न्यायची हे कोण ठरवणार? काका एक म्हणतील, अमरसिंह दुसरं म्हणेल. त्याला तर पुढारी व्हायची घाई आहे. सभा होईल, आरडाओरडा होईल आणि चहा पिऊन सगळे घरी जातील.

आणि एक विचारते, रागावू नकोस. आमच्या आळीला येणार का? ओढ्यापलीकडे? मी इथे रोज बघते, कुठल्या कुठल्या गावातले म्हातारे पडद्यावर आमच्या डॉक्टरांशी बोलतात, रिपोर्ट दाखवतात. माझ्या आईला साधी साखर तपासल्याचा कागद दाखवायचा तर बीडची एसटी धरावी लागते. मुलगी नर्स असून. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तुझी,
राजी

—

कोळदरा
१२ डिसेंबर २०२४

प्रिय राजी,

तू म्हणलीस तसंच झालं, पर अर्धंच. आरडाओरडा झाला. चहाआधी सभा मात्र संपली. कशी ते ऐक.

सभा शाळेत घेतली, आपल्याच चौथीच्या वर्गात. सगळी बाप्ये मंडळी लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. काका बोलायला लागले, तेवढ्यात अमरसिंह उठला, मग त्याच्यामागं त्याची पोरं उठली, सगळ्यांची तोंडं एकदम हलायला लागली. मी मागं बसलेली. मला काय कळणार? मी बी सभासद हाय, माझी वर्गणी हाय. मी उठून पुढं गेले अन् म्हणले, मला कळंना. एकेकानं बोला, सावकाश बोला, अन् माझ्याकडं तोंड करून बोला.

आधी हसले. मग अमरसिंह गंमत म्हणून माझ्यापुढं उभा राहिला. त्याचा सगळा जोर दुसऱ्यावर ओरडण्यात होता, माझ्याकडं बघून सावकाश बोलायचं म्हणल्यावर त्याचा विषय लगेच संपला. त्याचं म्हणणं होतं, त्याच्या ओळखीतला एकजण फुकट तार आणून देतो, गावानं फक्त वाटेचा हक्क त्याला लिहून द्यायचा. मी विचारलं, मग दर कोण ठरवणार? तो म्हणला, आणणारा ठरवणार. तार तुटली तर? त्याला फोन करायचा. उचलला न्हाई तर? अमरसिंह खाली बसला. हात वर करायला सांगितले तर गावाचीच तार पाहिजे म्हणून सगळे हात वर, त्याच्या दोन पोरांचे बी.

तवापून नेम झाला, की सभेत मी पुढं बसायचं अन् प्रत्येकानं माझ्याकडं तोंड करून बोलायचं. काकांनीच जाहीर केलं, "वनीला कळलं तेच सभेत झालं." राजी, आयुष्यभर लोक माझ्यापाशी येऊन नुसतं मोठ्यानं ओरडले. पहिल्यांदा गाव माझ्याशी नीट बोललं. मला लई बरं वाटलं.

संस्थेची नोंदणी झाली. मार्ग बी ठरला. काकांनी फळ्यावर खडूनं रेघ ओढून दाखवली, फाटा, वेस, डेअरी, शाळा, दवाखाना, ओढा. पुढं फळा संपला. ठरावावर माझी बी सही हाय. चर सावडीनं खोदायचा, ज्यानं त्यानं आपल्या दारापुढचा, अन् रानातला सगळ्यांनी मिळून. आपल्या गावातल्याच पोरीला, स्वप्नालीला, तार जोडायचं शिकायला बीडला धाडलंय. तार तुटली की कुणाला फोन करायचा न्हाई, स्वप्नालीला हाक मारायची.

तुझी,
वनी

—

नागपूर
५ जानेवारी २०२५

वनमाला,

आईचा फोन आला होता. तो करायला ती फाट्यावर चालत गेली होती.

ती काकांकडे विचारायला गेली होती, की आमच्या दारापुढचा चर आम्ही कधी खोदायला घ्यायचा. कुदळ सोबत घेऊन गेली होती, तू तिला ओळखतेस. तिला सांगितलं, तुमच्या आळीचं दुसऱ्या टप्प्यात. ओढ्यापलीकडे खडक आहे, वेळ लागेल. सभेत ठरलंय. वनमालाचीच सही आहे.

नळाचाही दुसरा टप्पा होता, वने. दिव्याच्या खांबांचाही होता. मी शाळेत असल्यापासून आमचा दुसरा टप्पा यायचाच आहे.

मी तुला सरळ विचारलं होतं, आमच्या आळीला येणार का. तुझ्या पत्रात सभा आली, अमरसिंह आला, स्वप्नाली आली. माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. आता कळलं का आलं नाही ते. फळा ओढ्यापाशी संपला, नाही का?

दुसऱ्या कुणाचा मला राग आला नसता. त्यांच्याकडून मी काही मागितलंच नव्हतं. तू वर्गात माझ्या शेजारी बसायचीस.

राजश्री

—

कोळदरा
१४ जानेवारी २०२५

राजी,

तुझ्या गळ्याची शपथ, मला ठाऊक न्हवतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं न्हाई, कारण मला तो प्रश्नच वाटला न्हाई. गावाची तार म्हणल्यावर गावात तुमची आळी आलीच, असं मी धरून चालले. फळा संपला म्हणून रेघ थांबली, असंच मला वाटलं.

तुझं पत्र वाचून मी हनुमानाला समोर बसवलं अन् विचारलं, दुसऱ्या टप्प्याचं सभेत कोण बोललं? तो आधी सांगंना. मग म्हणला, काका बोलले. रेघ ओढून झाल्यावर पाणी प्यायला माठाकडं वळले अन् भिंतीकडं तोंड करून म्हणले, ओढ्यापलीकडचं दुसऱ्या टप्प्यात बघू. कुणी काही म्हणलं न्हाई. मी पुढं बसून होते अन् मला काकाची पाठ दिसत होती. मला वाटलं, माणूस पाणी पितोय.

मला लई राग आलाय. काकाचा तर आलाच हाय, बाकी सगळ्यांचा बी आलाय. त्यांना ऐकू आलतं.

सभा बोलवायला सांगितलीय. झाली की लिहिते. तू उत्तर दिलं न्हाईस तरी लिहिते.

वनी

—

कोळदरा
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजी,

तुझं पत्र आलं न्हाई. ठीक हाय. काल सभा झाली.

मी पारूमावशीला घेऊन गेले. ती यायला तयार न्हवती. म्हणली, मागून आणलेली तार मला नको. मी म्हणले, मावशी, मागायला कोण चाललंय, आपण हजेरी घ्यायला चाललोय. तिला माझ्या शेजारी पुढच्या बाकावर बसवलं. त्याच बाकावर, राजी. तुझ्या जागेवर.

सगळे जमल्यावर मी उठले अन् म्हणले, मागल्या सभेत ओढ्यापलीकडचं दुसऱ्या टप्प्यात, असं ठरलं म्हणतात. ते माझ्याकडं तोंड करून कोण बोललं? सगळे काकाकडं बघाया लागले. मी म्हणले, नेम काकांनी केलाय, वनीला कळलं तेच सभेत झालं. मला हे कळलं न्हाई. म्हंजे हे सभेत झालं न्हाई. ज्याला हे ठरवायचं असंल त्यानं आता पुढं यावं, माझ्याकडं अन् पारूमावशीकडं तोंड करून म्हणावं, तुमची आळी नंतर. मग मी पुन्हा सही करीन.

काका उठले. बाप गेल्यापून त्यांनीच आमाला संभाळलं, शिलाई मशीन त्यांनीच घेऊन दिली. त्यांच्यापुढं मी कधी मान वर केली न्हवती. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी त्यांच्या ओठांकडं बघत बसले. ओठ हलले, "खडक" एवढं म्हणले, अन् थांबले. पारूमावशी त्यांच्याकडं बघत होती.

मग काकांनी फळ्याजवळचा खडू उचलला. फाट्यापून ओढ्यापर्यंतची रेघ फळ्यावर पुन्हा काढली, ती तिथनं पुढं लाकडी चौकटीवर ओढली, चौकटीवरनं भिंतीवर आणली अन् पार खिडकीपर्यंत नेली. तुमच्या सगळ्या आळीची घरं काढली, गोल गोल. विहार काढला. मग माझ्याकडं तोंड करून सावकाश म्हणले, "खडक हाय. फोडू. आता कळलं का?"

मी म्हणले, कळलं. लिहून घ्या.

शाळेचे गुरुजी तेवढे नाराज हायत, भिंत नवी रंगवलेली होती. पर रेघ त्यांनी पुसली न्हाई.

आता तरी लिही.

तुझी,
वनी

—

नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय वनीस,

सप्रेम जयभीम.

दोन पत्रं लिहून फाडली. माझं चुकलं, एवढंच लिहायचं होतं आणि तेच लिहिता येत नव्हतं. तू लपवलंस असं मला वाटलं. तुझ्याबद्दल असं वाटून घ्यायला मला काय झालं होतं कोण जाणे.

आईने फाट्यावरून फोन केला. तुझ्याबद्दल बोलताना तिचा आवाज बदलला होता. म्हणाली, "बद्रीनाथ पाटील माझ्यासमोर उभा राहिला अन् त्याला बोलता येईना, असं मी पहिल्यांदाच बघितलं." मग म्हणाली, "कुदळ घासून ठेवलीय."

आणि ऐक, खडक फोडायला घेतलात की आईला पुढे जाऊ देऊ नका. तिचं वय झालंय. ती ऐकणार नाही, पण तरी सांगा.

तुझी,
राजी

—

कोळदरा
३० मार्च २०२५

प्रिय राजी,

तुझी आई ऐकली न्हाई. पहिला घाव तिनंच घातला.

ऊसतोडीची मंडळी कारखान्यावरनं परत येईपर्यंत आमी थांबलो, आपल्या गावचीबी अन् तुमच्या आळीचीबी. फाट्यापून वेशीपर्यंतचा चर आधीच झालता. मग सगळ्यांनी ओढ्यावर मोर्चा वळवला. खडक खरंच हाय, काका काही खोटं बोलत न्हवते. दगड फोडायचं मशीन आणलं, तरी कडेचं काम हातानंच करावं लागलं. काका रोज टोपी काढून उन्हात उभे. अमरसिंह सुद्धा आला, पहिल्या दिवशी फोटो काढायला अन् दुसऱ्या दिवशी खोदायला. त्याच्या हाताला फोड आले तर पारूमावशीनंच हळद लावली अन् म्हणली, पुढारी व्हायचं असंल तर हे फोड दाखव, फोटो नको.

भाकरी सगळ्यांच्या घरनं यायच्या. आळीतली अन् गावातली माणसं एकाच लिंबाखाली जेवायला बसली. कुणी ठरवून बसलं न्हाई, तिथं सावली होती.

गावात तार चालू झालीय. डेअरीत अन् दवाखान्यात आधी जोडली. पोरांचे फॉर्म आता इथंच भरतात, बीडच्या खेपा वाचल्या. दवाखान्यातल्या बाईंनी परवा एका म्हाताऱ्याची छातीची पट्टी, ईसीजी म्हणतात ती, बीडच्या डॉक्टरला दाखवली, त्यानं लगेच गाडी करून या म्हणून सांगितलं. वाचला तो. त्या दिवशी गावात कुणीच तारेच्या दराची कुरकुर केली न्हाई. दर तरी कुणाचा, आपणच हात वर करून ठरवलेला. मागल्या आठवड्यात जेसीबीनं तार तोडली तर स्वप्नाली सायकलवर गेली अन् जोडून आली.

मला पहिला कॉल लावून दे म्हणून हनुमान मागं लागलाय. मी नको म्हणले. माझा पहिला कॉल तुझ्या घरातनं होणार. चौदा एप्रिलला तुमच्या आळीत तार चालू करायची, असं सभेत ठरलंय. माझ्याकडं तोंड करून ठरलंय. त्या दिवशी सकाळी तू फोनपाशी राहा.

तुझी,
वनी

—

नागपूर
१६ एप्रिल २०२५

प्रिय वनीस,

सप्रेम जयभीम.

परवा आपण इतकं बोललो की पत्राची काय गरज, असं तू म्हणशील. आहे गरज. त्या दिवशी तिथे जे झालं त्यातलं अर्धं तुला दिसलं नाही आणि ऐकू तर आलंच नाही. ते तुला मी सांगायला हवं. शाळेत तेच तर माझं काम होतं.

मी वॉर्डाच्या मागच्या खोलीत बसले होते. फोन वाजला आणि आमचं घर दिसलं. नीळ लावलेली भिंत, बाबासाहेबांचा फोटो, त्याचा हार, हारातलं एकेक फूल. चित्र जरासुद्धा हललं नाही. आई पुढे, शेजारी तू. तुझ्या कानावरचा केस पांढरा झालाय, हे मला आत्ता कळलं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मला खूप बोलायचं होतं. पण तुझे ते डोळे बघितले आणि मी माझा आवाज बंदच करून टाकला. नुसते ओठ हलवले, "वने, तुझं नाव घेतलं."

आई म्हणाली, "आगं आवाज येईना. स्वप्नाली, बघ गं, तार बिघडली." स्वप्नाली खरंच उठून भिंतीवरची तारेची डबी बघायला लागली. दारातले सगळे डोकावून बघत होते. अमरसिंह कुणाला तरी सांगत होता, मी म्हणलं होतं खडकात तार टिकणार न्हाई. आणि तू तटकन उभी राहिलीस आणि एवढ्या मोठ्याने "हजर" म्हणालीस की इकडे शेजारच्या वॉर्डातली सिस्टर धावत आली. मी तिला म्हणाले, काही नाही, आमच्या गावची तार आहे. कंपनीची नाही, आमची स्वतःची. वर्गणी काढून, खडक फोडून आणलेली. तिला काही कळलं नाही. मी मात्र दिवसभर वॉर्डात जो भेटेल त्याला हेच सांगत होते. डॉक्टरांनाही सांगितलं.

आता तुला जे दिसलं नाही ते. बद्रीनाथ काका तुझ्या मागे उभे होते, दाराजवळ. तू "हजर" म्हणालीस तेव्हा स्वप्नालीच्या वडिलांनी त्यांना विचारलं, हे काय चाललंय. काका म्हणाले, "माझी पुतणी हाय. आमाला सगळ्यांना ऐकू येत होतं अन् ऐकलं एकटीनं. सभा कशी चालवावी ते मला या वयात तिनं शिकवलं." मग टोपीने डोळे पुसले आणि कुणी बघितलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी बघितलं. चित्र फार स्वच्छ होतं.

पण हे ते तुझ्या पाठीमागे बोलले आहेत, वने, आणि पाठीमागे बोललेलं आपल्या गावात सभेत धरत नाहीत. तेव्हा पुढच्या सभेत त्यांना उठव. तुझ्याकडे तोंड करून, सावकाश, पुन्हा बोलायला लाव. आणि माझ्या जागेवर बसलेल्या आईच्या हातात फोन दे. मलाही हजर राहायचं आहे.

तुझी,
राजी